वाकड्या सायकली आणि गफूरभाईचा दोरा

या, अशा जवळ या जरा. लांबूनच मान हलवायची सवय लागली तुम्हाला, तिकडं पुण्यात आणि हैदराबादेत राहून. मी कुणाला म्हणते आहे ते तुमचं तुम्हाला बरोबर कळलंय. लातुरात क्लासला आलात, माझ्या खानावळीत जेवलात, वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताटं वाजवलीत आणि समोरच्या लिंबाखाली गफूरभाईकडून सायकली नीट करून घेतल्यात, ती तुम्ही पोरं-पोरी. आता कुणाला टक्कल पडलं असेल, कुणाचं पोट सुटलं असेल, मला तुम्ही पोरंच. तर गफूरभाई गेला आणि तुमच्यातलं एकसुद्धा नांदेडला आलं नाही. तुमच्या त्या ग्रुपवर म्हणे जोडलेल्या हातांची चित्रं पडली रांगेनं. माझ्या नातीनं दाखवली मला. चित्रातले हात पाठवण्यापेक्षा अंगाला लागलेले हात घेऊन एसटीत बसला असतात तर काय बिघडलं असतं... असू द्या. रागावले म्हणून पान उलटू नका. पुढं माझं तुमच्याकडं काम आहे.

फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. नसीमचा फोन, गफूरभाईच्या लेकीचा. ती नांदेडला दिलेली, आणि हात थरथरायला लागल्यापासून गफूरभाई तिच्याकडंच राहायचा. "चाची, अब्बा गेले," म्हणाली. मी सूप खाली ठेवलं. मग तिनंच सांगितलं. सकाळी दारात क्लासची एक मुलगी आली होती सायकल घेऊन. अब्बांनी खाली बसून दोरा लावला, काडी लावली, "सरळ हाय बेटा, जा," म्हणाले, आत येऊन भिंतीला टेकले, पाणी मागितलं, आणि नसीम पाणी घेऊन येईपर्यंत संपलं सगळं. गफूरभाई माझ्याहून वयानं लहान, म्हणून मी पहिल्यापासून अरेतुरे करायची. धाकट्याच्या मातीला थोरल्यानं जायचं, ह्याच्याइतकं वाईट काही नाही.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी लिहीनच. पण त्याच्याबरोबर एका जिवंत माणसाबद्दलही लिहिणार आहे, आणि ते चांगलं लिहिणार नाही. पेपरच्या ज्या पुरवणीत हे छापून येतंय, तिच्या बाईंनी मला आधीच बजावलंय, "मावशी, नाव घालू नका." बरं, नाही घालत. आम्ही खानावळीत त्याला पॉलिशशेठ म्हणायचो. का म्हणायचो ते पुढं येईलच. लातूरच्या बाजारात सायकलींचं मोठं दुकान होतं त्याचं, आणि दात असे पांढरे की माणूस हसतोय का दात दाखवतोय ते कळायचं नाही.

आता सुरुवातीपासून सांगते. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. गफूरभाईचं त्या गावात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तासावर सायकल द्यायचा. भूकंपात आमची माणसं गेली. त्याची आई गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना सांगून कळत नाही. पत्र्याच्या शेडात आमचं बिऱ्हाड आणि त्याचं बिऱ्हाड एका पत्र्याच्या अलीकडं-पलीकडं होतं. इकडं मी खोकले तर तिकडं त्याची बायको शमीम विचारायची, "वैनी, काढा देऊ का?" त्यानं दगडांखालून आपल्या सायकली ओढून ओढून काढल्या होत्या. बघायला धड दिसायच्या. पण वर बसलं की खेकड्यासारख्या तिरक्या चालायच्या. कोणती ठेवायची आणि कोणती भंगारात घालायची हे त्याला डोळ्यानं कळेना, आणि तो दिवसभर सायकली उलट्या करून त्यांच्याकडं बघत बसायचा. मला वाटायचं ह्याचं डोकं फिरलं आईच्या दुःखानं.

मग नव्या गावाची घरं बांधायला गवंडी आले. विटांच्या रांगेवर ते दोरी ताणायचे आणि दोरीबरोबर वीट बसवायचे. गफूरभाई तिथं जाऊन उभा राहायला लागला. एक दिवस मला म्हणाला, "वैनी, हा गवंडी भिंतीला खोटं बोलू देत न्हाई बघा." दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन सायकलीला गुंडाळत बसला. सुतळी ताणली की ढिली पडायची, तिची तुसं निघायची आणि मापात गफलत व्हायची. मग मी त्याला गोधडी शिवायचा दोरा दिला. त्यानं तो मेणबत्तीवरून ओढला, तेव्हा तो तारेसारखा ताठ झाला. मोजायला पहिली काडी तुराटीची होती, तिच्यावर नखानं खूण करायचा. पुढं तिची जागा चाकाच्या मोडक्या स्पोकनं घेतली.

तुम्ही विसरला असाल म्हणून परत सांगते, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनीही ऐका, ह्यात लपवण्यासारखं त्यानं कधी काही ठेवलं नाही. मागचं चाक काढायचं. चाकाचा आस जिथं बसतो, त्या एका बाजूच्या खाचेत दोऱ्याचं टोक बांधायचं. दोरा पुढं नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं मागं आणून दुसऱ्या खाचेत ताणून बांधायचा. मध्ये सीटखालची उभी नळी येते. आता ती स्पोकची काडी घ्यायची. ट्यूबमध्ये हवा धरून ठेवायला वॉल्व्हवर जी बारकी रबरी नळी असते, तिचा नखाएवढा तुकडा काडीवर चढवलेला असतो, ढकलला तर सरकणारा आणि सोडला तर जागेवर राहणारा. काडीचं टोक उभ्या नळीला टेकवायचं, रबर दोऱ्यापर्यंत सरकवायचं, आणि तीच काडी तशीच दुसऱ्या बाजूला लावायची. रबर दोऱ्याला नेमकं भेटलं तर फ्रेम सरळ. मागं-पुढं राहिलं तर वाकडी. बस्स. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो, तपासायला माझ्या उंबऱ्याजवळची शहाबादी फरशी होती, तिच्यावर चिमटा आडवा ठेवायचा आणि हलतो का बघायचं. मागच्या खाचा समोरासमोर आहेत का ते बघायला पलंगाचे दोन जुने बोल्ट, दोन्ही बाजूंनी कसून त्यांची टोकं एकमेकांच्या नाकासमोर येतात का बघायचं. सगळं टाकाऊतलं. माझ्या उंबऱ्यावर उकिडवा बसून तो हे करत राहायचा आणि मी भाकरी थापता थापता ओरडायची, "गफूरभाई, माझी फरशी काळी करून राहिला तू." तो म्हणायचा, "वैनी, फरशी धुऊन निघती. माणूस पडला तर?"

पण मी पुढं पळाले. लातूरला आम्ही कसे आलो ते राहिलंच. नव्या गावात घर मिळालं, पण आमच्या ह्यांचं मन लागेना. लातुरात तेव्हा क्लास सुरू झाले होते, गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या, आणि मुखेडपासून उदगीरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येत होती. पोरांना दोन गोष्टी लागायच्या, डबा आणि सायकल. डबा मी धरला. सायकल गफूरभाईनं. तो आमच्या मागोमागच आला आणि पॉलिशशेठच्या दुकानात फिटिंगला लागला.

आणि तिथं त्याला त्या सायकली दिसल्या. भूकंपाच्या गावातल्या मुलींना शाळेत जायला म्हणून कुणा भल्या लोकांनी ट्रक भरून सायकली पाठवल्या होत्या. ठेवायचं आणि जोडायचं काम शेठकडं आलं होतं. काही वाटल्या, काही राहिल्या. राहिलेल्या फ्रेमा गोदामात आडव्या पडून होत्या आणि वर सिमेंटच्या पोत्यांची थप्पी. कशा सरळ राहतील? शेठनं त्या बाहेर काढल्या, लाल-निळा रंग मारून चमकवल्या आणि क्लासच्या पोरांना नव्या म्हणून विकायला लावल्या. आता कळलं पॉलिशशेठ का ते? ज्या सायकली आमच्या गावच्या लेकींना फुकट मिळायच्या होत्या, त्या ह्यानं विकल्या. आणि वाकड्या विकल्या. गफूरभाईनं दोरा लावून त्याला दाखवलं. शेठ म्हणाला, "पोरं परीक्षा द्यायला आलीत, सर्कस करायला न्हाई. चालती ना? मग बसव." गफूरभाईनं पाना खाली ठेवला आणि दुकान सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या खानावळीसमोर लिंबाखाली बसायला लागला.

वर्षा आठवते का तुम्हाला? देगलूरकडची, लांब वेणीची, भाताला नाक मुरडणारी. तिच्या वडिलांनी तिला शेठच्याच दुकानातून निळी सायकल घेऊन दिली होती. गफूरभाई तिथून निघाल्यानंतर घेतलेली. ती मला म्हणायची, "मावशी, हात सैल सोडला की ही डावीकडंच ओढती." मी म्हटलं गफूरभाईला दाखव. ती म्हणाली रविवारी दाखवते. रविवार यायच्या आधीच टेम्पो चुकवायला गेली, सायकल डावीकडं ओढली गेली आणि दुभाजकावर आपटली. गुडघा गेला. परीक्षेचं वर्ष गेलं. डॉक्टर व्हायचं होतं तिला... पायाबरोबर ते पण गेलं.

वडील आले देगलूरहून. ते आधी शेठकडं गेले. शेठनं काय केलं असेल? डोळ्यात पाणी आणून सांगितलं, "माझ्याकडं गफूर म्हणून एक फिटर होता. त्यानं पाइप घालून फ्रेम पिळली. म्हणून तर काढला मी त्याला." तो बाप तिथून सरळ माझ्या खानावळीसमोर आला. तुमच्यातले काहीजण पंगतीत होते, हातात घास होता तुमच्या. गफूरभाई मान खाली घालून पंक्चर काढत होता. बापानं त्याची कॉलर धरली, उभा केला आणि कानाखाली मारली. सगळ्या चौकानं बघितली. आणि शेठ मागं पानपट्टीशी उभा होता, स्वतःच्या डोळ्यांनी बघत. मी उलथनं घेऊन धावले. गफूरभाईनं हात आडवा केला, "राहू द्या वैनी. लेकीचा बाप हाय."

लोक अजून म्हणतात, काय शांत माणूस होता. तुम्ही पण त्या ग्रुपवर तेच लिहिलंत. शांत कसला? मी त्याच्या शेजारी आयुष्य काढलंय. त्या दिवशी तो जेवला नाही. शमीमनं ताट वाढलं तसं झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पोकच्या मोडक्या काड्यांचा भारा घेऊन बसला आणि कापायला लागला. मी विचारलं काय करून राहिला. म्हणाला, "त्याची एक-एक सायकल मोजणार वैनी. मी न्हाई मोजणार. ज्याची सायकल त्यानं मोजायची, आन् रस्त्यात मोठ्यानं सांगायचं." त्याचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. शांत माणसाचा सूड असाच असतो... घाई नाही, आरडाओरडा नाही, रोज सकाळी उठून थोडा थोडा.

तर तो नियम तुम्हाला माहीत आहे. काडी आणि दोरा तो कुणालाही द्यायचा, पण नुसता मागितला म्हणून नाही. समोर एक सायकल मोजायची, आणि जे निघेल ते रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, सरळ का वाकडी. पुटपुटलं तर चालायचं नाही. "काय? ऐकू न्हाई आलं," म्हणायचा, कान चांगले धड असून. मुली लाजायच्या, पोरं हसायची, शेवटी सगळ्यांनी म्हटलं. पंगतीत वाढता वाढता मला रोज ऐकू यायचं, वाकडी, वाकडी, सरळ, वाकडी. आणि वाकडी निघाली की पुढचा प्रश्न आपोआप यायचा, कुठून घेतली? उत्तर एकच असायचं. पुढं तर नवी सायकल घ्यायला निघालेलं पोरगं खिशात काडी घेऊनच शेठच्या दुकानात जायला लागलं.

पण शेठ काही दूधखुळा नव्हता. थोड्या दिवसांनी त्याच्या दुकानातल्या सायकली सरळ भरायला लागल्या. काडी दोन्ही बाजूंना बरोबर, रबर नेमकं दोऱ्यावर. पोरं "सरळ" म्हणून ओरडायची आणि गफूरभाईचं तोंड उतरायचं. चालवून बघितली तर तीच खेकड्याची चाल. तो परत सायकली उलट्या करून बसायला लागला, शेडातल्यासारखा. स्वतःच्या दोऱ्यावरचा विश्वास उडाला त्याचा. शमीम मला म्हणाली, "वैनी, ह्यांना सांगा ना, सोडून द्या म्हणून." मी काही सांगितलं नाही. सोडून द्यावं असं मलाच वाटत नव्हतं.

आणि मग माझ्या चुलीनं काम केलं. खानावळीची मागची भिंत, तिच्या आतल्या बाजूला माझी मोठी भट्टी. पोरं बाहेरून त्या भिंतीला सायकली टेकवून जेवायला यायची. एक दिवस भांडी घासायला बाहेर आले तर एका नव्या लाल सायकलीच्या उभ्या नळीवर पापडासारखे फोड आलेले. एकाच बाजूला. भिंतीच्या धगीनं रंग उलला होता. मी उलथन्याचं टोक घातलं तर खालून पांढरा थर निघाला, दाराला भरतात तसली पुट्टी, चांगली जाड. दुसऱ्या बाजूला नुसता रंग आणि लोखंड. तुम्हाला आलं का ध्यानात? फ्रेम वाकडी होती ती तशीच होती. ज्या बाजूला दोरा लांब पडायचा, त्या बाजूला पुट्टी भरून नळीच जाड केली होती, म्हणजे काडीला दोन्हीकडं सारखं माप मिळावं. एवढी अक्कल लढवली, एवढे हात राबवले, पण फ्रेम सरळ करून द्यायचं काही मनात आलं नाही.

मी पदराला हात पुसून हाक मारली, "गफूरभाई, इकडं ये आधी." त्यानं वाकून बघितलं, नखानं पांढरं खरवडलं, बोटावर घेतलं. आणि हसला. थप्पड खाल्ल्यापासून पहिल्यांदा हसला तो. "वैनी," म्हणाला, "तुमचं उलथनं द्या मला एक दिवस."

त्या रविवारी क्लासला सुट्टी होती. तुम्ही सगळे सायकली हातानं ढकलत शेठच्या दुकानासमोर गेलात, मी पण गेले, आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या अर्ध्या सोडून. गफूरभाई एका बाजूला उभा राहिला, त्यानं कशाला हात लावला नाही. तुम्हीच खरवडलंत, तुम्हीच दोरे बांधलेत, तुम्हीच ओरडलात. बाजारात भाजी घ्यायला आलेली माणसं थांबली. वाकडी. वाकडी. वाकडी. शेठ आधी हसत बाहेर आला, मग हसू गेलं आणि दात राहिले, मग आत गेला आणि शटर ओढलं. माझं पोट भरलं असं वाटलं मला. पण गफूरभाईचं नाही भरलं. तो शटरपाशी जाऊन म्हणाला, "शेठ, मला काही नको. चौकात येऊन एकदा सांगा, त्या पोरीची सायकल मी पिळली न्हाई. तुम्ही वाकडी विकली." आतून कडी घातल्याचा आवाज आला.

वर्षाच्या वडिलांच्या कानावर हे गेलं. ते परत आले, ह्या वेळी ती निळी सायकल टेम्पोत घालून. खानावळीच्या आत येऊन गफूरभाईचे हात धरायला लागले. त्यानं हात मागं घेतला. "काका, आत न्हाई. चौकात मारलं, चौकात बोला." मला वाटलं आता हा माणूस चिडणार. पण तो बाहेर गेला, लिंबाखाली उभा राहिला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की मी ह्या माणसाला चुकीनं मारलं. म्हणताना त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. मग गफूरभाईनं त्याला आत आणून स्वतः वाढलं. ती निळी सायकल त्यांनी तिथंच ठेवली, "तुमच्याकडं असू द्या," म्हणाले. ती गफूरभाईनं कधी सरळ केली नाही, विकली नाही, भंगारात दिली नाही. एवढ्या सायकली सरळ केल्या त्यानं, ही एक वाकडी राखली.

शेठचं काय झालं विचाराल तर काही झालं नाही. चांगल्या माणसाचं लिहिताना वाईट माणसाला शिक्षा झाली असं लिहायला मलाही आवडलं असतं. त्यानं सायकली बंद केल्या आणि मोटरसायकली विकायला लागला. मग मंगल कार्यालय बांधलं. मग क्लासला भाड्यानं द्यायची इमारत. क्लासच्या निकालाच्या फलकांवर कोपऱ्यात त्याचा फोटो असायचा, शुभेच्छुक म्हणून. गफूरभाई त्या फलकाखालून जाताना वर बघायचा नाही. पण दर ईदला शेठकडं निरोप मात्र धाडायचा. शीरखुर्म्याचा डबा आणि त्याच्याबरोबर एकच वाक्य, "चौकात वाट बघतो." डबा रिकामा होऊन परत यायचा. उत्तर कधी आलं नाही. शमीम गेली, तो ती निळी सायकल घेऊन नांदेडला लेकीकडं गेला, तिथून पण धाडायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून. मी एकदा म्हटलं, "कशाला खाऊ घालतो त्या मेल्याला?" तर म्हणाला, "वैनी, उपाशी माणसाला लवकर विसर पडतो. ह्याला विसरू द्यायचं न्हाई मला."

आता जियारतीचं, गेलेल्या माणसासाठी करतात त्या प्रार्थनेचं सांगते. मातीनंतर तिसऱ्या दिवशी नसीमच्या दारात सतरंज्या टाकल्या होत्या, मी बायकांत बसले होते. आणि पांढरी गाडी येऊन थांबली. शेठ. केस पांढरे झालेत, दात तेवढेच. पुरुषांत जाऊन बसला, मान हलवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागला. "गफूर माझ्याच हाताखाली शिकला. ती दोरा-काडी आमच्या दुकानातच निघाली. मी पोरांना सांगायचो, मोजून घ्या." मी ऐकते आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. पुढं म्हणाला, लातुरात नवीन शोरूम काढतोय, भारी सायकलींची, हल्ली शिकलेली माणसं व्यायामाला चालवतात त्या. आणि दर्शनी भिंतीवर गफूरची मूळ काडी आणि दोरा काचेत घालून लावणार आहे, खाली लिहिणार आहे, आमच्या दुकानाची परंपरा. ती काडी नसीमनं द्यावी.

मी उठलेच होते. पण नसीम माझ्या आधी बाहेर गेली. बापाची लेक, आवाज तसाच मऊ. "देते ना शेठ," म्हणाली. "अब्बांचा नियम आहे फक्त. एक सायकल मोजायची आणि मोठ्यानं सांगायचं." आणि घराच्या बाजूनं ती निळी सायकल ढकलत आणली. रंग उडालेला, पण मी ओळखली, आणि शेठनंही ओळखली, कारण त्याचा हात आपोआप खिशात गेला. नसीमनं मागचं चाक काढून बाजूला ठेवलं, दोरा समोर धरला, काडी समोर धरली. माणसं बाजूला झाली, जागा करून दिली त्यांनी. शेठ म्हणाला, "माझी कंबर धरती, वाकता येत न्हाई." नसीम म्हणाली, "मी वाकते. काडी मी लावते. तुम्ही नुसतं बघा आणि सांगा." तिनं लावली. रबर दोऱ्यापासून एवढं लांब राहिलं की लांब बसलेल्या म्हाताऱ्यांनाही दिसलं. सगळे शेठच्या तोंडाकडं बघत होते. एक शब्द होता, वाकडी. तेवढा म्हटला असता तर कदाचित मी हे लिहिलं नसतं... कदाचित. मी मागून म्हटलं, "शेठ, तो गेला. आता तरी बोला." तो माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, मयताच्या घरी जुनं उकरू नये." आणि गाडीत बसला.

काडी न घेता गेला, पण काडीला काय, कुठल्याही मोडक्या चाकातून निघते. गेल्या आठवड्यात बाजारात फलक लागलाय. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी शोरूमचं उद्घाटन आहे, कुणी मोठे पाहुणे येणार आहेत, आणि फलकावर काडी-दोऱ्याचं चित्र छापलंय, खाली शेठचा फोटो. आता हे काचेत गेलं आणि वर त्याचं नाव बसलं, की आणखी थोड्या वर्षांनी सांगणारं कुणी उरणार नाही. मग थप्पड गफूरभाईच्या गालावर राहील आणि काडी शेठच्या भिंतीवर. मी जिवंत असताना हे होऊ देणार नाही. मला माफ करायला सांगू नका, माझ्या वयाच्या बायकांना सगळे तेच सांगतात.

म्हणून तुम्हाला बोलावते आहे. नसीम ती निळी सायकल टेम्पोत घालून लातूरला आणणार आहे. उद्घाटनाच्या सकाळी आम्ही ती शोरूमच्या समोर, रस्त्याच्या ह्या बाजूला उभी करणार, चाक काढून, दोरा बांधून. वर्षाला मी फोन केला. ती देगलूरला शाळेत शिकवते. म्हणाली, "मावशी, जिना चढायला मला वेळ लागतो, पण रस्ता ओलांडायला किती वेळ लागणार?" ती येते आहे. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, गफूरभाईला चाललं नसतं. रांगेनं यायचं, काडी लावायची, आणि पाहुण्यांना, बँडवाल्यांना, शेठला ऐकू जाईल असं एकच सांगायचं, जे निघेल ते. शेठची पाळी आपण शेवटी ठेवू. तो येईल नाही तर नाही येणार, पण रांग त्याच्या दारापर्यंत गेलेली त्याला दिसली पाहिजे.

सुट्टी काढा. लेकरांना आणा, त्यांनाही बघू द्या. खानावळ बंद झाली तरी भट्टी आहे अजून, आणि हात पण आहेत माझे. आदल्या दिवशीच या, गाद्या झटकून ठेवते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुम्हाला आवडायचं ते पातळ वरण करते, मीठ तुमचं तुम्ही बघून घ्या. लवकर या. माझ्या आवाजात आता पहिल्यासारखा जोर राहिला नाही, मला एकटीला एवढ्या मोठ्यानं ओरडता येणार नाही.